तो, ते आणि ग्रेगोर साम्सा

प्रश्न असा आहे: “फ्रान्त्स काफ्काची ‘मेटामॉर्फॉसिस’ ही कथा इंग्रजीतून वाचली. शेवटाकडे बहीण भावाला ‘ही’ (he) म्हणायचं सोडते आणि ‘इट’ (it) म्हणायला लागते. हे मराठीत कसं आणणार? ‘ते’ म्हटलं तर आदरार्थी वाटेल. शिवाय त्या प्राण्याला किडा म्हणावं की झुरळ?”

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर नीट बसलं नाही तर पहिल्याचं बसत नाही.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रेगोर साम्सा हा फिरता विक्रेता. आईवडिलांच्या डोक्यावरचं कर्ज फेडायचं म्हणून नावडती नोकरी रेटतोय. सगळं घर त्याच्या कमाईवर चाललेलं. एका सकाळी जाग येते तेव्हा त्याचा माणूस राहिलेला नसतो. पुढची जवळजवळ सगळी कथा एका भाड्याच्या घरात घडते: आई, वडील, धाकटी बहीण ग्रेटे आणि बंद दाराआडचा ग्रेगोर. काफ्कानं ती १९१२च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रागमध्ये जर्मन भाषेत लिहिली आणि १९१५ साली ती छापून आली.

ग्रेगोर ज्यात बदलतो त्याला काफ्का पहिल्याच वाक्यात ‘उनगेत्सीफर’ म्हणतो. हे कुठल्या एका प्राण्याचं नाव नाही. उवा, पिसवा, ढेकूण, उंदीर, घुशी, घरात नको असलेलं जे जे काही फिरतं ते सगळं या शब्दात येतं. शब्द समूहवाचक आहे आणि नपुंसकलिंगी आहे. व्युत्पत्तिकोश त्याचं मूळ ‘बळी द्यायला न चालणारा अशुद्ध प्राणी’ असं सांगतात. आपल्याकडे ‘ओवाळून टाकलेला’ म्हणतात ना एखाद्याला, तो शब्दही धार्मिक विधीतूनच आला आहे. अर्थ एक नाही, पण जात एकच: देवाच्या दारातून बाहेर पडलेली शिवी.

हा शब्द काफ्काच्या घरातलाही होता. १९१९ साली त्यानं वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं, जे वडिलांपर्यंत कधी पोचलंच नाही. इत्झाक लोवी नावाचा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, नाटकांत काम करणारा त्याचा एक मित्र होता. त्याला ओळखतही नसताना वडिलांनी त्याची तुलना ‘उनगेत्सीफर’शी केली, ही सल त्या पत्रात आहे. पत्राच्या शेवटी काफ्का वडिलांच्या तोंडी एक काल्पनिक उत्तर घालतो. त्यात हाच शब्द मुलावर येतो: नुसता चावणारा नाही, जगण्यासाठी रक्तही शोषणारा. आपल्याला इथे गोचीड आठवेल. तेव्हा ग्रेगोरच्या कथेतला हा शब्द प्राणिशास्त्राचा नाही, घरच्यांच्या तोंडचा आहे. हे लक्षात ठेवून मराठी शब्द निवडायला हवा.

म्हणून ‘झुरळ’ मला पटत नाही. झुरळ म्हटलं की वाचकाला मोरी दिसते, मिशा दिसतात, चप्पल दिसते. काफ्काला असं काही दिसायला नको होतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी चित्रकार नेमला आहे हे कळल्यावर २५ ऑक्टोबर १९१५ला त्यानं प्रकाशकांना कळकळीनं कळवलं की तो कीटक काढू नका, लांबूनही दाखवू नका. मुखपृष्ठावर मग अंधाऱ्या खोलीचं उघडं दार आणि चेहरा हातांनी झाकलेला माणूस एवढंच आलं. फुलपाखरांचा अभ्यासक असलेल्या कादंबरीकार नाबोकोव्हनं आपल्या व्याख्यानात त्या टणक, फुगीर पाठीवरून ग्रेगोर हा भुंगेरा ठरवला आणि पाठीखाली पंख आहेत हे त्या बिचाऱ्याला कधी कळलंच नाही, असंही म्हटलं. ते व्याख्यान वाचायला फार आवडतं, पण अनुवादकानं त्याच्या मागे जाऊ नये.

अर्थाच्या सगळ्यात जवळचा मराठी शब्द ‘कीड’. पिकाला लागते ती, समाजाला लागते ती. समूहवाचक आहे, तिरस्कार आहे, नायनाट करायची गोष्ट आहे. अडचण एवढीच की अंथरुणात एकटी, माणसाएवढी कीड पडलेली असू शकत नाही, आणि शब्द स्त्रीलिंगी आहे. ‘किडा’ चालतो, ‘किड्यामुंगीसारखं मरण’ ही आपली बोली त्याच्यामागे उभी राहते. पण किडा पुल्लिंगी. ‘कीटक’ पुल्लिंगी, शिवाय शाळेच्या पुस्तकातला.

लिंगाचा एवढा कीस का काढतोय? ते आता सांगतो.

घरात ठेवून घेतलेल्या तीन भाडेकरूंपुढे ग्रेटे व्हायोलिन वाजवते, ग्रेगोर संगीताच्या ओढीनं खोलीबाहेर येतो, भाडेकरू त्याला पाहतात आणि जागा सोडतो म्हणून सांगतात. त्यानंतर टेबलावर हात आपटून ग्रेटे बोलते. या ‘उनटिअर’समोर, म्हणजे या राक्षसी जनावरासमोर, मी भावाचं नाव उच्चारणार नाही, एवढंच म्हणते की आपण ‘एस’पासून सुटका करून घेतली पाहिजे. ‘एस’ हे जर्मनमधलं नपुंसकलिंगी सर्वनाम. ते तिनं आकाशातून आणलेलं नाही. ‘उनटिअर’ नपुंसकलिंगी आहे, म्हणून त्यामागोमाग ‘एस’ व्याकरणानंच येतं. भाऊ या शब्दाच्या जागी जनावर हा शब्द बसवला की पुढचं काम भाषाच करून टाकते. मला हे वाक्य पहिल्यांदा जर्मनमध्ये वाचताना जे वाटलं होतं ते इंग्रजीत कधीच वाटलं नव्हतं. इंग्रजीत बहीण ठरवून ‘इट’ म्हणते असं वाटतं. जर्मनमध्ये तिला पुढे काही ठरवावंच लागत नाही.

आणि इथे मराठीचं भाग्य थोर आहे. आपल्याकडे तीन लिंगं आहेत. हिंदी अनुवादकाला ही सोय नाही, ‘वह’ म्हटलं की संपलं. आपल्याकडे तर नुसतं सर्वनामच नाही, क्रियापदही बदलतं, विशेषणही बदलतं. वर ‘जनावर’ हा आपला शब्द नपुंसकलिंगीच आहे. कोकणात सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्याला ‘जनावर’ म्हणतात. नाव टाळण्यासाठी वापरायचा शब्द, आणि ग्रेटेही नेमकं भावाचं नाव टाळतेय.

पण दोन खड्डे आहेत.

पहिला तुम्ही म्हणता तोच, आदरार्थी ‘ते’. जुन्या लेखनात हा घोळ नव्हता. ‘तें गेलें’ म्हणजे नपुंसकलिंगी, ‘ते गेले’ म्हणजे आदरार्थी किंवा अनेकवचनी. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार काढले आणि प्रमाण लेखनात दोन्ही सारखेच दिसायला लागले. संवादात मात्र आपण बोलतो तसं ‘गेलं’, ‘पाहिलं’, ‘मेलं’ लिहायची मोकळीक आहे. ग्रेटेचं बोलणं संवादातच आहे, म्हणून क्रियापद बोलीतलं ठेवलं की प्रश्न मिटतो. ‘ते गेलं पाहिजे’ ऐकून कुणाला आदर वाटणार नाही.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे आणि तो सहसा लक्षात येत नाही. मराठीत विभक्ती लागली की ‘तो’ आणि ‘ते’ एक होतात: त्याला, त्यानं, त्याचं, त्याच्यापासून. आता ग्रेटेचं वाक्य सरळ उतरवून बघा: “आपण त्याच्यापासून सुटका करून घेतली पाहिजे.” अनुवाद बरोबर, आणि ज्यासाठी वाक्य लिहिलं तेच नाहीसं. हा ‘त्याच्या’ भावाचाही असू शकतो. म्हणून वाक्याची रचना बदलून सर्वनाम प्रथमेत आणायला हवं. शिवाय ग्रेगोर त्या वेळी त्याच खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, तेव्हा ‘ते’पेक्षा ‘हे’ जास्त खरं वाटेल. मी असं लिहीन:

“या जनावरापुढे मी माझ्या भावाचं नाव तोंडातून काढणार नाही. एवढंच म्हणते, हे आता घालवायलाच हवं.”

यावर वडील काय म्हणतात तेही बघा: “आपलं बोलणं त्याला कळलं असतं तर...” त्यांच्या तोंडी जर्मनमध्ये अजून ‘एर’ आहे, पुल्लिंगी. मराठीत ‘त्याला’मध्ये ते बुडतं. “तो आपलं बोलणं समजू शकला असता तर” असं केलं की टिकतं. बापानं सफरचंद मारून पोराची पाठ जायबंदी केली आहे, तरी व्याकरणात तो अजून पोराला माणूस समजतो, आणि ज्या बहिणीनं इतके दिवस त्याला खाऊ घातलं ती समजत नाही. हा उलटा हिशोब वाचकाच्या कानावर पडलाच पाहिजे.

आईच्या वाक्यात तर मराठीच आपल्याला फसवते. ग्रेगोरच्या खोलीत जाऊ देत नाहीत म्हणून ती ओरडते की तो माझा अभागी मुलगा आहे. कुठलीही मराठी आई इथे काय म्हणेल? “माझं लेकरू ते!” “माझं पोर!” आपल्या मायेची भाषा नपुंसकलिंगीच आहे. बाळ, लेकरू, पोर, पाडस. मालवणीत आणि गोव्याच्या कोंकणीत तर मुलीविषयी सहज ‘तें’ म्हणतात, त्यात हेटाळणीचा लवलेश नसतो. जर्मनमध्येही मुलगी, ‘मेडशेन’, नपुंसकलिंगीच. पण या कथेत नपुंसकलिंग बहिणीच्या त्या एका वाक्यासाठी राखून ठेवायला हवं. आईनं आधीच ‘माझं लेकरू’ म्हटलं तर ग्रेटेच्या ‘हे’ची धार बोथट होते. म्हणून मन घट्ट करून आईच्या तोंडी “माझा लेक आहे तो, अभागी लेक माझा!” असंच घालायचं.

कामवाली म्हातारी वेगळीच. सगळ्या घरात ग्रेगोरला थेट हाक मारणारी शेवटी तीच उरते. ‘मिस्टकेफर’ म्हणते ती त्याला, शेणकिडा. आपल्याकडे शब्द तयार आहे, आणि तो पुल्लिंगी आहे हे उत्तम: “ये रे इकडे, म्हाताऱ्या शेणकिड्या!” त्या ‘रे’त जेवढी ओळख आहे तेवढी बहिणीच्या शेवटच्या बोलण्यात नाही. निवेदक मात्र कथाभर एकदाही ढळत नाही. त्याच्यासाठी ग्रेगोर ‘तो’ असतो, शेवटच्या श्वासापर्यंत.

आता पहिल्या वाक्याकडे परत येऊ. मला तिथे नपुंसकलिंगी, कुठल्याही जातीचं नाव नसलेला, अंगानं मोठा आणि नकोसा शब्द हवा होता. खूप दिवस शोधून मी ‘धूड’वर थांबलो. “एके दिवशी सकाळी ग्रेगोर साम्सा अस्वस्थ स्वप्नांतून जागा झाला, तेव्हा अंथरुणात त्याचं एका ओंगळ किड्याचं धूड झालेलं होतं.” किड्याची किळस राहते, प्राणी ठरत नाही, आणि नपुंसकलिंग पहिल्याच ओळीत येऊन दबा धरून बसतं. पुढच्या वाक्यापासून निवेदनात लगेच ‘तो’. पहिल्या ओळीत आलेला ‘झालेलं’ पुन्हा ऐकू येतो तो थेट ग्रेटेच्या ‘हे’मध्ये.

शीर्षकाबद्दल कुणी विचारलेलं नाही, पण जाता जाता: काफ्कानं ‘मेटामॉर्फोज’ हा जर्मनमध्ये असलेला शास्त्रीय शब्द घेतला नाही, ‘फेरवांडलुंग’ घेतला, जो परीकथांतही येतो आणि नाटकात देखावा बदलण्यालाही वापरतात. ‘कायापालट’ आपल्याकडे गावांचा आणि बसस्थानकांचा होतो, तो नको. ‘रूपांतर’ पुरेसं आहे.

शेवटी म्हातारी सकाळी दार उघडते आणि सगळ्यांना उठवून सांगते: “बघा तरी, मेलंय ते. तिथे पडलंय, पार मेलंय!” जर्मनमध्ये ती ‘क्रेपिअर्ट’ म्हणते, जनावरांच्या मरणाचं क्रियापद, आणि सर्वनाम ‘एस’. मराठीत दोन्ही कामं ‘मेलंय’ एकटं करतं. मग घरची माणसं खोलीत येतात. ग्रेटेची नजर त्या वाळक्या, चपट्या शरीरावरून हलत नाही, आणि ती जे बोलते त्यात काफ्कानं पुन्हा ‘एर’ लिहिलं आहे. अनुवादात इथे विभक्ती लागू द्यायची नाही, विशेषणासकट लिंग दिसू द्यायचं:

“बघा ना, किती वाळला होता तो. कितीतरी दिवस काही खाल्लंच नव्हतं.”