रंगाचा डबा अजून उघडू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. कब कॅडेट १०२, म्हणजे बागेत गवत कापायचा छोटा गार्डन ट्रॅक्टर, कोठारात बरीच वर्षं पडून राहिलेला, पत्रा शाबूत, इंजिन जाम. इतका पूर्ण ट्रॅक्टर मिळाला याचा मला फार आनंद झाला. हूड, ग्रिल, जनरेटर, मूळ सीट, सगळं जागेवर आहे. पिवळा रंग कुठल्या छटेचा घ्यावा असं तू विचारलं आहेस. ते सगळ्यात शेवटी बघू. आज रंग दिलास तर पुढच्या दोन महिन्यांत पेट्रोल, ग्रीस आणि पान्याचे ओरखडे त्याच रंगावर पडतील.

आधी तुझ्याकडे नेमकं काय आहे ते समजून घे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्यात १९६१ पासून कब कॅडेट बनवायला घेतला. पहिला ७ हॉर्सपॉवरचा होता. तुझं १०२ मॉडेल १९६५ ते १९६७ या काळातलं. १९८१ मध्ये हा सगळा धंदा एमटीडी कंपनीकडे गेला. (महिंद्रांनी १९६३ मध्ये ट्रॅक्टर बनवण्यासाठी कंपनी काढली ती याच इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने. त्यामुळे आजोबांना नाव सांगितलंस तर ओळखीचं वाटेल.) इतर बऱ्याच गार्डन ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची ताकद मागे पट्ट्याने जाते, तुझ्यात ती शाफ्टने जाते. मागचा गिअरबॉक्सही याच कंपनीच्या मोठ्या शेतीच्या ट्रॅक्टरच्या, फार्मॉल कबच्या, घराण्यातला आहे. म्हणून हे यंत्र साठ वर्षांनंतरही उभं करता येतं.

इंजिन कोहलरचं के-२४१. एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं, १० हॉर्सपॉवर, बोअर (सिलिंडरचा व्यास) सव्वातीन इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) २ पूर्णांक ७/८ इंच. पंख्याच्या कव्हरवरच्या पट्टीवर मॉडेल, स्पेसिफिकेशन आणि सिरियल असे तीन नंबर असतात. स्पेसिफिकेशन नंबर सांगितल्याशिवाय पार्ट मागवू नकोस. पण ही कव्हरं एका इंजिनावरून दुसऱ्यावर सहज जातात, म्हणून पट्टीवर आंधळा विश्वास नको. बोअर स्वतः मोजून खात्री कर.

आता जाम सोडवायचं. स्टार्टरने झटके देऊ नकोस, आणि फ्लायव्हीलच्या पात्यांत टॉमी (लोखंडी सळई) घालून रेटू नकोस. एक पातं तुटलं की फ्लायव्हीलचा तोल कायमचा गेला. चार बोल्ट काढून इंजिन टेबलावर घे. हे फ्लॅटहेड आहे, म्हणजे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये आणि हेड नुसतं झाकणासारखं. ते काढलं की कुठे अडकलंय ते डोळ्यांना दिसतं. हेडचे बोल्ट सगळे सारखे नसतात. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढ, भोकं पाड आणि ज्याचा त्याचा बोल्ट त्याच भोकात खोचून ठेव.

बहुतेक वेळा एक व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. तिथून दमट हवा आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटतात. पिस्टनच्या वर उघड्या भिंतीवर गंज असेल तर तो आधी बारीक पॉलिश पेपरने साफ कर, नाहीतर पिस्टन सुटून वर येताना त्याच गंजात पुन्हा रुतेल. मग ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड निम्मं-निम्मं मिसळून पिस्टनवर ओत आणि चार-पाच दिवस तसंच राहू दे. ॲसिटोन लगेच पेट घेतं, तेव्हा हे काम उघड्यावर, हीटरपासून लांब. नंतर पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून रबरी हातोडीने हलके ठोके दे आणि दुसऱ्या हाताने फ्लायव्हील पुढे-मागे हलवत राहा. केसभर हलला तरी पुरे, पुन्हा औषध ओत आणि थांब. पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे, घाई केलीस तर फुटेल.

सुटला की चालू करून बघायचा मोह होईल. तो आवर, कारण या इंजिनाचा जीव जिथे आहे ते अजून तू पाहिलेलंच नाहीस. के-२४१ मध्ये ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी पळी असते. ती प्रत्येक फेऱ्यात तेलात बुडते आणि तेल वर उडवते. त्या उडालेल्या तेलावरच क्रँक, कॅम आणि पिस्टन जगतात. रॉड ॲल्युमिनियमचा, क्रँकपिनवर (क्रँकच्या ज्या गोल खुंट्याला तो जोडलेला असतो त्यावर) थेट फिरणारा, मध्ये बेअरिंगची वाटी नाही. तेल कमी पडलं, किंवा वर्षानुवर्षांचा गाळ तळाशी बसून पळीला नुसता चिखल मिळाला, की रॉडचं ॲल्युमिनियम पिनला चिकटतं, रॉड तुटतो आणि ब्लॉकची बाजू फोडून बाहेर येतो. जुन्या बाजारात ब्लॉकला भोक पडलेली जी इंजिनं दिसतात, त्यातली बरीचशी अशीच गेलेली असतात. म्हणून तळाचा पॅन उघडायचाच आणि रॉकेलने धुऊन काढायचा.

रॉड काढण्याआधी फोटो घे. रॉड आणि त्याची टोपी यांवर जुळणीच्या खुणा असतात, त्या परत समोरासमोरच यायला हव्यात. पिस्टनवर 'फ्लाय' असा शब्द किंवा बाण असेल तर तो फ्लायव्हीलकडे. नवा क्रँकपिन दीड इंचाचा असतो. मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोज. अर्ध्या थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त लंबगोल असेल किंवा त्यावर ॲल्युमिनियम चिकटलं असेल तर पिन १० थाऊ घासून घ्यावा लागेल आणि १० थाऊ अंडरसाइज, म्हणजे घासलेल्या पिनला बसेल असा, रॉड मागवावा लागेल. रॉड आणि पिनमधली फट १ ते २ थाऊ. ती प्लास्टिगेजने (दाबून फट मोजायच्या मऊ प्लास्टिकच्या धाग्याने) तपास, अंदाजाने नको. रॉडचे बोल्ट दोन-तीन तऱ्हांचे निघाले आणि प्रत्येकाचा टॉर्क (आवळायचा जोर) वेगळा, तेव्हा आकडा तुझ्या बोल्टचाच कोहलरच्या मॅन्युअलमधून घे.

एक जागा मुद्दाम बघ. कुणी मागे इंजिन बदललेलं असेल तर आत क्रँकशेजारी दोन जादा छोटी गिअर दिसू शकतात. थरथर कमी करायला पुढच्या काळातल्या इंजिनांत ती घातली जात. त्यांची नीडल बेअरिंगं झिजली की गिअर सुटून ब्लॉक फोडतं. बरेच जाणकार ती काढूनच टाकतात, माझंही मत तेच. थरथर थोडी वाढते, ब्लॉक वाचतो.

व्हॉल्व्ह लॅपिंग पेस्टने घासून त्याच्या सीटवर (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडीवर) अखंड राखाडी पट्टा उमटेपर्यंत बसव. थंड इंजिनावर इनटेकची फट ८ ते १० थाऊ, एक्झॉस्टची १७ ते २०. एक्झॉस्टची दांडी जास्त तापून जास्त लांब होते, म्हणून तिला जागा जास्त. ही फट कमी ठेवलीस तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटणार नाही आणि कडेने जळेल. हेड सपाट काचेवर ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घाल. ३ थाऊचं पान आत जात असेल तर काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हेड त्यावर आठाच्या आकड्यात घासून सपाट कर. गॅस्केट नेहमी नवं. बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, आधी १०, मग २०, शेवटी २५ ते ३० फूट-पाउंड. एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा एकदा टॉर्क तपास.

पंख्याचं कव्हर काढशील तेव्हा आत उंदराचं घरटं निघण्याची शक्यता बरीच आहे. सिलिंडरच्या पंखांमध्ये (हवेने थंड होणाऱ्या बाहेरच्या पात्यांमध्ये) गवत आणि तेलाचा थर बसला की हवा एका बाजूने जातच नाही. मग एक्झॉस्टची बाजू तापते, हेड वाकतं, व्हॉल्व्हची सीट सैल होते, आणि माणूस कार्बोरेटरला दोष देत बसतो. पंख लाकडी काडीने आणि ब्रशने पार बुडापर्यंत साफ कर. पुढे दर १०० तासांनी हेच काम करायचं. कव्हर न बसवता इंजिन पाच मिनिटंही चालवू नकोस, कारण हवेला वाट दाखवणारं तेच आहे.

इग्निशन बॅटरी-कॉइल-पॉइंटचं, जुन्या स्कूटरसारखंच. पॉइंटची (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या स्विचची) फट २० थाऊ. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवून कोरड्या पुठ्ठ्याने पूस, तेलाचा अंशही राहू देऊ नकोस. फ्लायव्हीलवर 'एस' आणि 'टी' अशा दोन खुणा आहेत. 'टी' म्हणजे पिस्टन अगदी वर, 'एस' म्हणजे त्याच्या २० अंश आधी. 'एस' खिडकीत आल्याच क्षणी पॉइंट उघडायला लागला पाहिजे. पॉइंटला टेस्ट लाइट लावून हे बसल्या जागी जुळवता येतं. प्लगची फट बॅटरी इग्निशनला ३५ थाऊ. ठिणगी पिवळी आणि लुळी येत असेल तर नवी कॉइल आणण्याआधी कंडेन्सर बदलून बघ.

कार्बोरेटर अल्ट्रासॉनिकमध्ये किंवा क्लीनरमध्ये धू, आणि भोकांत तार घालू नकोस. पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुया बोटाने अलगद टेकेपर्यंत आत घे. दाबलीस तर सुईच्या टोकाला खाच पडते आणि पुढे ती कधीच नीट लागत नाही. तिथून मुख्य सुई २ फेरे बाहेर, आयडलची (इंजिन रिकामं, संथ चालतानाची) सव्वा ते दीड. पक्की जुळवणी इंजिन तापल्यावर. थ्रॉटलची दांडी तिच्या भोकात खुळखुळत असेल तर तिथून हवा शिरते आणि कितीही सुया फिरवल्या तरी आयडल स्थिर राहत नाही. तिथे बुश (भोकात बसवायची धातूची नळी) घालणं हाच उपाय. तुमच्याकडे इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल तर तेच वापर.

स्टार्टर आणि जनरेटर हे एकच यंत्र आहे. व्होल्टेज रेग्युलेटर काढून परत जोडलास की इंजिन सुरू करण्याआधी 'बॅट' आणि 'जेन' टर्मिनलना वायरचा एक क्षणभर स्पर्श दे, म्हणजे जनरेटर योग्य ध्रुवतेवर येतो. हे विसरल्यामुळे चांगले जनरेटर खराब ठरवून फेकले गेले आहेत.

क्लच शाफ्टवरच आहे. पेडल दाबताना घोगरा कण्हल्यासारखा आवाज आला तर शाफ्टमधल्या पिना, त्यांची लांबट झालेली भोकं आणि शाफ्टचं पुढचं टोक ज्यात फिरतं ते बुश बघ. नुसती तबकडी बदलून आवाज जाणार नाही. तिथे आणि ब्रेकला हात घालताना एक काळजी घे. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नकोस, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद कर. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोही कोरडा घासायचा नाही.

गिअरबॉक्सचं तेल उघडून बघ. दुधासारखं असेल तर गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबरातून पाणी गेलंय. रबर बदल, तेल पूर्ण काढ आणि लेव्हल-प्लगपर्यंत हाय-ट्रान (या ट्रॅक्टरचं गिअर-तेल) भर. स्टिअरिंग ढिलं असेल तर बॉक्समधला निमुळता खुंटा झिजलाय. चाकं सरळ ठेवून, किंचित अडकल्यासारखं लागेपर्यंतच तो आत घे आणि लॉकनट आवळ. जास्त आवळलास तर वळणावर जड होईल.

लोखंडी पत्र्याचा गंज काढायला प्लास्टिकच्या पिंपात गॅलनला एक टेबलस्पून धुण्याचा सोडा, चार्जरचं ऋण टोक पार्टला, धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला. स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियमचा पार्ट या पाण्यात घातलास तर खाऊन जाईल. हायड्रोजन सुटतो, म्हणून हेही उघड्यावरच.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून स्टार्टरने थोडा वेळ फिरव, म्हणजे पळी सगळीकडे तेल पोचवेल. उन्हाळ्यात एसएई ३० तेल, डिपस्टिकच्या वरच्या खुणेइतकं, त्याहून जास्त नाही. पहिलं तेल ५ तासांनी बदल, नंतर दर २५ तासांनी. उतारावर आडवं गवत कापताना तेल एका बाजूला जातं आणि पळी कोरडी फिरते हे लक्षात ठेव. वेग ३६०० फेऱ्यांच्या वर नेण्यासाठी गव्हर्नरच्या (वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगशी खेळू नकोस.

येत्या शनिवारी पॅन उघडशील तेव्हा क्रँकपिनची चारही मापं एका कागदावर लिही, पिनवर ओरखडा नखाला लागतो का ते बघ आणि तळातल्या गाळाचा फोटो काढ. गाळात चमकणारे रुपेरी कण असतील तर चुंबक फिरव. कण चुंबकाला चिकटले नाहीत तर ते रॉडचं ॲल्युमिनियम आहे असं समज, आणि मापं मला पाठवल्याशिवाय रॉड मागवू नकोस.

तुझा,
काका