आजीचा सोमवार आणि माशाचा बर्गर

लाडक्या ओमू,

परवा फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस आणि नेमकी रेंज गेली. तिकडे मालवणात पावसाळ्यात हे असंच, म्हणून लिहून पाठवते. आजीलाही वाचून दाखव.

पहिला प्रश्न: मुंबईत मामाने नेलं त्या मॅकडोनाल्डमध्ये बीफचा बर्गर नव्हता, बटाट्याचा होता, मग ते खोटं मॅकडोनाल्ड का? दुसरा: आजीला एरवी माशाशिवाय जेवण जात नाही आणि सोमवारी मात्र ती मासे घरातही आणू देत नाही, तर देव फक्त सोमवारीच बघतो का? हे ऐकून बाबा इतका हसला की चहा सांडला.

इथे टोरांटोत तू जो माशाचा बर्गर मागतोस ना, फिले-ओ-फिश, त्याचा जन्मच एका वारामुळे झाला. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात लू ग्रोएन नावाचा माणूस मॅकडोनाल्डचं दुकान चालवायचा. आजूबाजूची वस्ती बरीचशी कॅथलिक. ते लोक शुक्रवारी मांस खायचे नाहीत, मासे चालायचे. म्हणजे शुक्रवारी दुकानात माशा मारायची वेळ! म्हणून त्याने माशाचा बर्गर तयार केला. कंपनीचे मालक रे क्रॉक यांना दुकानात माशाचा वास नको होता. त्यांनी पावात अननसाची चकती घातलेला स्वतःचा हुला बर्गर पुढे केला. १९६२ साली एका शुक्रवारी दोन्ही विकायला ठेवले. माशाचे ३५० खपले, अननसाचे ६. (ते सहा कोणी खाल्ले असतील, असं मला नेहमी वाटतं.)

त्यांचा शुक्रवार, आजीचा सोमवार. त्यांच्या वारी मासे चालतात, आपल्या वारी नेमके तेच चालत नाहीत, एवढाच फरक.

१९९६ मध्ये हीच कंपनी दिल्लीत आणि वांद्र्याला आली, तेव्हा तिला बीफ आणि डुक्कर दोन्ही सोडावं लागलं. बिग मॅकच्या जागी मटणाचा महाराजा मॅक आला, पुढे तो चिकनचा झाला. बटाट्याची टिक्की आली, अंड्याशिवायचं मेयोनीज आलं. आत शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाच्या जागा वेगळ्या, भांडी वेगळी. आता आजीच्या चुलीमागे बघ. काळं पडलेलं मातीचं भांडं पालथं घातलेलं दिसेल. बांगड्याचं तिखलं फक्त त्यातच होतं, डाळीला ते कधी लागत नाही. तेव्हा खोटं वगैरे काही नाही. तुझं पुटिनसुद्धा, म्हणजे चीज आणि ग्रेव्ही घातलेले तळलेले बटाटे, मुळात कॅनडातल्या क्युबेकचं, मॅकडोनाल्डने ते नंतर उचललं.

आता देवाचं. सोमवार शंकराचा, आणि मालवणचं ग्रामदैवत रामेश्वर. मी तुझ्याएवढी असताना हाच प्रश्न तुझ्या पणजीला विचारला होता. ती आडाळ्यावर नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "सोमवार आसा मां रे झिला!" मी मुलगी असूनही 'झिला'च म्हणायची ती मला. पुढे काही नाही. मला वाटतं, तिच्या लेखी देव रोजच बघत होता. आठवड्यातला एक दिवस तिने त्याला देऊन टाकला होता, एवढंच. शेजारच्या काकूंकडे दत्ताचा गुरुवार पाळतात. त्यांना जाऊन 'सोमवारी कसे खाता' असं मात्र विचारू नकोस.

ताजे मासे का नाहीत, अशी कुरकुरही ऐकली. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, माशांची वीण होते म्हणून. बंदी उठते न उठते तोच श्रावण, आणि आजी अख्खा श्रावण पाळते. म्हणजे तिच्या घरात बंदी जवळजवळ तीन महिन्यांची! तोवर खारा बांगडा भाजून, ओलं खोबरं घालून किसमूर करून घे तिच्याकडून. गटारीपर्यंतच मिळेल. आणि गटारी सोमवारी तर येत नाही ना, ते भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून मला कळव.

तुझी,
आई