क्रमागत म्हणजे क्रमवार नव्हे

प्रश्न असा आहे: ‘तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज ८७ आहे’ या उदाहरणात क्ष, क्ष + २, क्ष + ४ असंच का मांडायचं? संख्या विषम आहेत, तर १ आणि ३ मिळवायला नकोत का? आणि क्रमागत म्हणजे क्रमवारच ना?

शेवटचं आधी. ३, ८, २० या संख्या क्रमवार आहेत, कारण चढत्या क्रमाने लावल्या आहेत. क्रमागत मात्र नाहीत. क्रमागत म्हणजे लागोपाठच्या, मधली एकही न गाळता घेतलेल्या.

पण लागोपाठ कशात? ते पुढचा शब्द सांगतो. क्रमागत पूर्णांक म्हटलं की फरक १, क्रमागत विषम किंवा सम म्हटलं की २, सातच्या क्रमागत पटी असतील तर ७. क्रमागत मूळ संख्यांत तर फरक ठरलेलाच नाही: ७, ११, १३. म्हणून ‘क्रमागत दिसलं की एक मिळवा’ हे पाठांतर मला धोक्याचं वाटतं.

आता १ आणि ३ चं. विषमपणा असतो संख्येत, मिळवायच्या आकड्यात नव्हे. विषम संख्येत १ मिळवला की ती सम होते. २ मिळवले की पुढची विषम मिळते. मधली संख्या क्ष धरली तर काम आणखी सोपं: (क्ष – २) + क्ष + (क्ष + २) = ८७, म्हणजे ३क्ष = ८७, क्ष = २९. संख्या २७, २९, ३१.

एक खोच आहे. सम संख्यांसाठीही मांडणी हीच! बेरीज ८४ दिली तर क्ष = २८ येतो; समीकरण सुटतं, पण २६, २८, ३० विषम नाहीत. म्हणजे अशा विषम संख्याच नाहीत. पहिली संख्या २न + १ धरली असती तर ६न + ९ = ८४ वरून न = १२.५ आला असता आणि गडबड तिथेच कळली असती. (न पूर्णांक हवा.)

‘पूर्णांक’ हा शब्दही नुसता शोभेचा नाही. दोन क्रमागत पूर्णांकांचा गुणाकार १३२ असेल तर क्ष(क्ष + १) = १३२ वरून ११ आणि १२ मिळतात, तसेच –१२ आणि –११ सुद्धा. उदाहरणात ‘नैसर्गिक संख्या’ असेल तरच दुसरी जोडी सोडायची.