स्टॉर्म सर्जला ‘लाट’ म्हणायचं की ‘उधाण’?

प्रश्न असा आलाय की फ्लोरिडावर हरिकेन येतं तेव्हा तिथले लोक “८ ते १२ फूट स्टॉर्म सर्ज” सांगतात आणि आपल्याकडच्या बातमीत त्याचं “१२ फूट उंच लाटा” होतं, ते बरोबर का, आणि नसेल तर मराठीत काय लिहायचं.

बरोबर नाही. लाट येते, फुटते, मागे जाते. सर्जमध्ये समुद्राची पातळीच वर चढते आणि काही तास चढलेलीच राहते, लाटा त्याच्यावर वेगळ्या. मुख्य काम वाऱ्याचं, तो पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी, त्यानेही पाणी वर येतं पण ते एका मिलिबारला जेमतेम १ सेंटिमीटर. वारा उलटा लागला तर पाणीही उलटं जातं. २०२२ च्या इयान हरिकेनमध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला पाणी घरांत शिरलं आणि त्याच वादळाने वरच्या टँपाच्या उपसागरातलं पाणी ओढून नेलं, तळ उघडा पडला आणि लोक जाऊ नका सांगत असतानाही चालत बघायला गेले.

‘वादळी उधाण’ कानाला छान लागतं, पण आपलं उधाण तिथीला बांधलेलं, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं तेव्हा नेमकी पौर्णिमा होती, न्यूयॉर्कला मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाच्या ‘बॅटरी’ नावाच्या भागात पाणी १४ फुटांवर गेलं, त्यात वादळाचा वाटा साडेनऊच्या आतबाहेर आणि बाकीचं नेहमीच्या भरतीचं. आता हे मराठीत “उधाणावर उधाण” लिहिलं तर कुठलं चंद्राचं नि कुठलं वाऱ्याचं? मी ‘वादळी फुगवटा’ म्हणेन. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून सांगली-कोल्हापुरात इतकी भांडणं झालीयत की शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पाणी तुंबून पातळी चढणं हाच अर्थ. भरती धरून एकूण पाणी सांगायचं तर ‘वादळी भरती’.

गोंयकारांना तर ‘लाट’ जास्तच फसवते, कारण लाट म्हटलं की डोळ्यापुढे मिरामार-कळंगुट. फुगवटा मांडवी-झुआरीच्या मुखातून आत शिरतो, थेट चोडण-दिवाडीच्या खाजनांपर्यंत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांपर्यंत. तिथल्या बांधातली मानस, म्हणजे पाणी आतबाहेर करणारी झडप, बघा, भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तशी दारं मिटतात, ओहोटीला (आपली सुकती हो) आतल्या पाण्याने उघडतात. फुगवट्याने सुकतीच नीट झाली नाही तर दार उघडायचं नाही आणि वादळाचा पाऊस आतच साचत जाणार, बांध शाबूत असला तरीसुद्धा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्यावरून वर गुजरातेत गेलं तेव्हा इथे झाडं पडली, वीज गेली, म्हणून चक्रीवादळ म्हणजे वारा एवढंच डोक्यात राहिलंय.

हरिकेनला मराठीत चक्रीवादळच म्हणा, अटलांटिकमधलं नाव तेवढं वेगळं, वारा ताशी ११९ किलोमीटरला पोचला की ते लागतं.

आणि एक, ते ८ ते १२ फूट समुद्रात मोजलेले नसतात, अमेरिकन इशाऱ्यात ते जमिनीपासून सांगतात. म्हणजे वाक्य असं होईल: “ऐन भरतीला फुगवटा आला तर किनाऱ्यालगत एरवी कोरड्या असणाऱ्या जमिनीवर ८ ते १२ फूट पाणी चढेल.”