दारू-गांजा सोडल्यावर मेंदू परत पहिल्यासारखा होतो का?

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारलाय. भाऊ बरीच वर्षं दारू आणि गांजा घेत होता, सोडून दोन महिने झाले तरी विसरतो, हिशोबात चुकतो, बारक्या गोष्टीवरनं भडकतो, तर डोकं कायमचं गेलं का. आणि एकाच घरात वाढून तुम्हाला कसं काय लागलं नाही. मी बेळगावजवळ एका व्यसनमुक्ती केंद्रात काउन्सेलर आहे, डॉक्टर नाही, त्यामुळं गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारा, बाकीचं सांगतो.

दोन महिन्यांत निकाल लावू नका. मेंदू भरून येतो, पण सगळा एकदम नाही. गांजा मेंदूत ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या खाचांवर, जाऊन बसतो ते रोज ओढणाऱ्यात कमी झालेले असतात, ते साधारण 4 आठवड्यांत बरेचसे जागेवर येतात. दारूनं आक्रसलेला मेंदूही पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत स्कॅनवर दिसण्याइतका भरतो. झोप मात्र कित्येक महिने रुळावर येत नाही आणि झोप नाही तर माणूस भडकणारच की. मेथ नावाच्या नशेवर अमेरिकेत नोरा व्होल्कोव यांनी 2001 मध्ये काम छापलं, त्यात वर्षभराहून जास्त नशा बंद ठेवलेल्यांच्या मेंदूतली डोपामिनची, म्हणजे मजा आणि ओढ वाटायला लावणाऱ्या रसायनाची, यंत्रणा बरीच सुधारली होती, पण स्मरणशक्ती आणि हालचालींच्या टेस्ट त्या मानानं सुधारल्या नव्हत्या. म्हणजे आत दुरुस्ती झाली तरी वागण्यात लगेच दिसेलच असं नाही.

आमच्याकडं नवीन माणसाला शंभरातनं सात वजा करत खाली यायला सांगतात. उद्यमबागेतला फाउंड्रीवाला एक जण, ज्याला कास्टिंग नुसतं उचलून वजन सांगता यायचं, तो त्र्याण्णव म्हणाला, शहाऐंशी म्हणाला आणि थांबून मलाच विचारतो, "किती वजा करायचं होतं ओ?" काही आठवड्यांनी तोच माणूस दोनपर्यंत उतरला, मधे एकदाच अडखळला. घरचे खूश, बरा झाला म्हणून घेऊन गेले, आणि पहिल्या शनिवारी पगार हातात पडल्याबरोबर पाय बारकडं वळले. गणित परत येणं वेगळं आणि हात आवरता येणं वेगळं. कपाळामागचा मेंदूचा भाग म्हणजे आपला ब्रेक, तो सावकाश सुधारतो, आणि पगार, शनिवार, ठरलेला कोपरा, ठरलेले दोस्त यांची आठवण काही पुसली जात नाही, तिच्यावर नवीन सवय बसवावी लागते आणि ती बसेपर्यंत जुनी कधीही वर येते. त्याला लोक 'मनाचा कमकुवत' म्हणतात, मला ते पटत नाही.

आता तुमचं. केंब्रिजच्या कॅरेन एर्शे यांच्या टीमनं 2012 मध्ये सख्ख्या भावंडांच्या 50 जोड्या तपासल्या, जोडीतलं एक कोकेनसारख्या नशेच्या आहारी गेलेलं, दुसरं नाही. स्वतःला आवरायच्या टेस्टमध्ये दोघंही बाहेरच्या लोकांपेक्षा कमी पडली आणि मेंदूतले फरकही दोघांत सारखेच सापडले! म्हणजे कच्चा दुवा दोघांकडं असू शकतो, तरी एक जण वाचतो. त्यामुळं "मी नाही का राहिले, मग तुला काय झालं" हे भावाला सुनावत असाल तर बंद करा.

वाचवतं काय, तर बऱ्याचदा आजूबाजूचं. व्हिएतनाममध्ये 1971 च्या सुमारास अमेरिकेच्या दर 5 मागं 1 सैनिक हेरॉइनचा व्यसनी झालेला, ली रॉबिन्स यांनी नंतर त्यांचा माग काढला तर घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यातल्या जेमतेम 5 टक्क्यांना व्यसन परत लागलं. अर्थात त्यांचा देशच बदलला होता, आपल्याकडं चोर्ला घाट उतरला की गोव्याची स्वस्त दारू, त्यामुळं ते गणित जसंच्या तसं लागू होत नाही. पण खानापूर-येळ्ळूरकडं माळ घातली की दारू सुटली म्हणतात आणि कित्येकांची खरंच सुटते, चेष्टा करणारे करोत. बसायची मंडळी बदलतात, संध्याकाळ भजनात जाते आणि कुणी ग्लास पुढं केला तर 'माळकरी हाय' म्हटलं की विषय संपला. माळ उतरवून परत बसलेलेही बघितलेत, ते सोडा.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. भावाची चाल डगमगते, डोळे थरथरतात, किंवा न घडलेल्या गोष्टी खऱ्यासारख्या सांगतो असं असेल तर ते नुसतं विसरणं नाही, दारूड्यांत बी-1 जीवनसत्त्व संपून तसं होतं आणि उशीर झाला तर स्मरणशक्ती खरंच जाते, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. परत प्यायला लागला तर घरात कोंडून एकदम बंद करायला जाऊ नका, फिट येऊ शकते, जीवावर बेततं. धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल, आपल्याला जवळ आहे आणि फोनवर बोलायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे.

तो बिडी-सिगारेट ओढतो का ते लिहिलं नाही. बहुतेक ठिकाणी "दारू सोडली ना, बिडी राहू दे" म्हणतात, पण ओढणाऱ्यांचा मेंदू दारू सुटल्यावर न ओढणाऱ्यांपेक्षा हळू भरतो, तंबाखूवाल्या निपाणीकरांना राग आला तरी खरं ते खरं.

आणि पगार काही महिने तुमच्या नाहीतर आईच्या खात्यात येऊ दे, पण हे त्याच्याशी बोलून, तो हो म्हणाला तरच. हिसकावून घेतला तर त्यावरनंच भांडण होतं आणि भांडण झालं की तो कुठं जाणार ते तुम्हाला माहितीच आहे.