सांगलीच्या उन्हाळ्यात डीटीएफ प्रिंटरची (फिल्मवर छापून डिझाइन कापडावर उतरवणारं मशीन) पांढरी शाई सारखी चोक होते, काय करावं?

ऑर्डर नसली तरी मशीन रोज चालवा, चोकअप बराच कमी होईल. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइडची जड पूड असते, ती तळाशी बसते. सांगलीत टी-शर्ट छापताना मी पाळतो ते असं:

- सकाळी शाई हलवून नोझल चेक (शाईची बारीक छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी चाचणी छपाई). फिल्मखाली काळा कागद धरा, तुटलेली रेष लगेच दिसते.
- रात्री कॅपच्या (छपाई नसताना शाई सोडणारं हेड झाकणारं झाकण) रबरी कडेवरचा चिकट थर क्लीनिंग सोल्यूशनने पुसा. कड सुकली की हवा शिरते आणि हेड वाळतं.
- एप्रिल-मेमध्ये खोलीत 40 ते 60 टक्के आर्द्रता ठेवा. कूलरचा झोत मशीनवर नको.

मात्र दोन-तीन हेड क्लीनिंगनंतरही रेषा आल्या नाहीत, तर थांबा. आधी डॅम्पर (हेडच्या आधी शाई गाळणारी छोटी डबी) आणि कॅप तपासा.