झेडपी शिक्षकाचा पगार आणि सोलापुरातला खर्च

प्रश्न असा आहे: शिक्षण सेवक (नियमित होण्याआधी तीन वर्षं मानधनावर काम करणारा शिक्षक) म्हणून अक्कलकोट तालुक्यातली झेडपी शाळा मिळाली, राहायचं सोलापूर शहरातल्या जुळे सोलापुरात, तर महिना 16,000 मध्ये भागेल का? एकट्याचं ओढूनताणून भागेल. कुटुंब असेल तर पहिली तीन वर्षं शाळेच्या गावात किंवा अक्कलकोटलाच खोली बघा.

16,000 हे ठोक मानधन आहे. त्यावर महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही. पुरुषाचा व्यवसाय कर महिना 200 (फेब्रुवारीत 300). महिलांना 25,000 पर्यंत माफ आहे, तरी पगारपत्रकात कापलेला दिसला तर मुख्याध्यापकांना सांगून शालार्थमध्ये (शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली) लगेच दुरुस्त करून घ्या.

आता अपडाऊन. जाऊन-येऊन 70 किमी धरा, महिन्याला 24 दिवस म्हणजे 1,680 किमी. गाडीने 45 चं ॲव्हरेज दिलं तर 37 लिटर. 105 च्या भावाने 3,900 पेट्रोललाच गेले. ऑइल, टायर वेगळं. भाडं 6,000 धरलं तर हातात 5,900 उरतात, त्यात किराणा, गॅस आणि दवाखाना. शहरात घर बघताना भाड्याआधी टाकी किती लिटरची ते विचारा. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, 500 लिटर चार माणसांना पुरत नाहीत.

तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी (एस-10) लागते: मूळ वेतन 29,200. जानेवारी 2025 च्या 55 टक्के दराने महागाई भत्ता 16,060. बहुतेकांचा हिशेब चुकतो तो घरभाडे भत्त्यात. या भत्त्यासाठी शहरांचे वर्ग पाडलेत; सोलापूर शहर वाय वर्गात आहे, तिथे 20 टक्के, म्हणजे 5,840. पण भत्ता ठरतो शाळेच्या गावावरून, तुमच्या घरावरून नाही. खेड्यातल्या शाळेला 10 टक्के, म्हणजे 2,920. वर मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागतात, ते दुखणं निराळंच. एकूण 48,180; त्यातून एनपीएसचे (निवृत्तिवेतन योजनेचे) 4,526 आणि व्यवसाय कर वजा जाता 43,454. गटविमा आणि प्रवास भत्ता यात धरलेला नाही. पतसंस्थेचा हप्ता याच्यातूनच जातो, म्हणून कर्ज काढताना 48,000 कडे बघू नका.

नियमित करण्याचा प्रस्ताव मुदत संपण्याच्या दोन महिने आधीच तयार ठेवा: नियुक्ती आदेश, हजर अहवाल, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) प्रमाणपत्राची पडताळणी, लागू असेल तर जात वैधता. एक कागद अडला की आदेश लांबतो आणि तोवर मानधन 16,000 च राहतं.